लाल ठिपक्यांच्या तिसऱ्या

खारवाडीच्या मथुराला खाडी पायांनी कळायची. सुकतीला पाणी हटलं की ती गुडघाभर पाण्यात उभी राहून टाच जराशी फिरवी आणि खाली तिसऱ्यांचे शिंपले आहेत की नुसती वाळू, ते सांगे. बाकीच्या बायका खुरप्याने जागोजाग उकरून बघत. मथुरा आधी उभी राही, मगच वाके. त्यामुळे तिची पाटी सगळ्यांच्या आधी भरे. तिची चुलतसासू गंगुबाई म्हणे, "हिच्या टाचेला डोळा फुटलाय." ते म्हणताना त्यात कौतुक किती आणि जळफळाट किती, हे मात्र कोणाला सांगता यायचं नाही.

रत्नागिरीहून शिरगावकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो आणि उतरत उतरत खाडीच्या काठाशी येऊन संपतो. तिथे ही वाडी. वीस-बावीस घरं, पुरुषमाणसं बहुतेक मुंबईला नाहीतर बोटीवर. मथुराचा नवरा हरिश्चंद्र मालवाहू जहाजावर खलाशी होता. वर्षातून दोन महिने घरी यायचा, येताना वासाच्या साबणाच्या वड्या आणायचा आणि पहिले आठ दिवस जमीन हलत नाही म्हणून त्याला झोप लागायची नाही. थोरली मुलगी गुहागरला दिलेली, धाकटी शाळेत. वर्षाचे उरलेले दहा महिने मथुराच घरातला पुरुष आणि मथुराच बाई.

वाडीतल्या आठ बायका तिसऱ्या काढायच्या. पावसाळ्यात खाडी गढूळ होते तेव्हा कोणी जात नसे. एरवी सात-आठ महिने, अमावास्या-पुनवेच्या उधाणाच्या दिवसांत, सुकती खोल जाते तेव्हा खाडीच्या मध्ये वाळूचा एक लांबट पट्टा उघडा पडायचा. त्याला मधली दांडी म्हणत. दुपारी तिथे तिसऱ्या काढायच्या, रात्रभर पाण्यात ठेवून त्यांना वाळू ओकू द्यायची आणि सकाळच्या एस.टी.ने रत्नागिरीच्या बाजारात वाटे लावून बसायचं, हा क्रम मथुराच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला.

पण गेली चार-पाच वर्षं मथुराला काहीतरी खटकत होतं. पूर्वी तिची पाटी भरायची तेव्हा पाणी अजून उतरत असायचं. आता पाटी भरेपर्यंत भरतीचं पाणी पोटरीला येऊन लागायचं. पूर्वी वाट्यात पंचवीस तिसऱ्या घातल्या की वाटा भरल्यासारखा दिसे, आता चाळीस घातल्या तरी गिऱ्हाईक म्हणे, बाई, शिंपाच जास्त. हे तिने एकदा बोलून दाखवलं तेव्हा गंगुबाईने तिला उडवूनच लावलं.

"खाडी काय तुज्या चुलीवरचं तोप हाय, तळ दिसायला? आमी लहान होतो तवापासून काडतो."

"तवा बायका तीन होत्या, काकी. आता आट हायत."

"मंग तू घरात बस. सात होतील."

सगळ्या हसल्या, मथुराही हसली. पण टाच 'खाली काही नाही' म्हणायची, तेव्हा तिला हसू यायचं नाही.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर वाडीतल्या सखारामने एक बातमी आणली. सखारामच्या दोन होड्या होत्या आणि त्याच्या ओळखी त्याहून जास्त. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला मधल्या दांडीवरच्या तिसऱ्या हव्या होत्या; मांस बर्फात घालून मुंबईला आणि शिंपा चुन्याच्या भट्टीला. त्यासाठी तो होडीला लोखंडी दाताळं लावणार होता. तळ खरवडत नेलं की अर्ध्या तासात एवढं निघेल जेवढं आठ बायका चार दिवसांत काढत नाहीत, असं सखाराम सांगत होता. होड्या अर्थातच सखारामच्या. मथुराने विचारलं, "आनि आमी?" तो म्हणाला, "तुमीबी काडा की वैनी. खाडी मोटी हाय."

परवानगी देणारी कचेरी रत्नागिरीत होती. तिथल्या साहेबांना वाटलं की होय किंवा नाही म्हणायच्या आधी तिसऱ्या आहेत किती ते कळावं. म्हणून एक दिवस कॉलेजात गणित शिकवणाऱ्या दमयंती आठल्ये खारवाडीत आल्या. वय अठ्ठावीस-तीस, अंगाने काटकुळ्या, डोळ्याला चष्मा. जीव वाढतात कसे, घटतात कसे आणि त्यांतले किती काढले तर उरलेले पुन्हा तेवढे होतील, ते कागदावर मांडायचा या बाईंना नाद होता. पहिल्याच दिवशी त्या नेसत्या साडीचा ओचा खोचून मथुराबरोबर चिखलात उतरल्या, दहा पावलांवर घोट्यापर्यंत रुतल्या आणि एक चप्पल खाडीला देऊन बसल्या. मथुराने त्यांना दंडाला धरून वर ओढलं. तेव्हापासून त्या मथुराच्याच ओटीवर बसू लागल्या.

एकदा त्यांनी पिशवीतून नखांना लावायच्या लाल रंगाच्या बारा बाटल्या काढल्या.

"दुकानदार विचारत होता, घरात लग्न आहे का," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, आहे. दोन हजार नवऱ्या आहेत."

दोन दिवस सगळी वाडी त्या नवऱ्या नटवत होती. दांडीवरून काढलेल्या दोन हजार तिसऱ्या ओल्या गोणपाटावर मांडायच्या, फडक्याने पुसायच्या, पाठीवर एकेक लाल ठिपका द्यायचा आणि वाळला की पुन्हा ओल्या गोणपाटाखाली. सखाराम ओटीवर डोकावून म्हणाला, "वैनी, वरात कदी?" गंगुबाईने उरलेला रंग आपल्या पायाच्या अंगठ्याला लावून पाहिला आणि नातसुनेने बघितल्यावर पाय पदराखाली घेतला.

सुकतीला त्या तिसऱ्या दांडीभर सारख्या पसरून टाकल्या. बाई म्हणाल्या, "आता महिनाभर त्या बाकीच्यांत मिसळू देत. मग दोन दिवस तुमच्या पाट्या मला मोजू द्या, विकायच्या आधी. तुम्ही मात्र नेहमी काढता तशाच काढा. मी आहे हे विसरून जा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात विसरण्यासारखं काय आहे, असंच त्यांना वाटलं असेल.

महिन्यानंतरच्या उधाणात, आठ बायकांच्या दोन दिवसांच्या सोळा पाट्या मथुराच्या अंगणात रित्या झाल्या. बाईंनी एकेक तिसरी मोजली. सहा हजार भरल्या. त्यात लाल ठिपक्याच्या निघाल्या चार.

 बाईंनी गणकयंत्रावर एकदा हिशेब केला, मग हाताने केला. मग म्हणाल्या, "तीस लाख."

"काय तीस लाख?" गंगुबाईने विचारलं.

"तिसऱ्या. मधल्या दांडीवर. मलाही एवढ्या वाटल्या नव्हत्या."

सखाराम अंगणाच्या गडग्यावर बसला होता. त्याने मांडीवर थाप मारली. "बगा. मी बोलत नव्हतो? दाताळं फिरलं काय नि न फिरलं काय."

बायकाही खूश झाल्या. गंगुबाईने मथुराकडे असं पाहिलं की, आता बोल.  मथुराला तीस लाख म्हणजे किती हे डोळ्यांपुढे आणता येईना, पण दांडीवर तिसऱ्या एवढ्या असतील तर आपली टाच इतक्या वेळा रिकामी का परत येते, ते तिला कळेना.

"बाय, ह्ये तुमी काडलंत कसं?" तिने विचारलं. "आमाला कळंल असं सांगाल काय?"

बाईंनी सूप मागितलं. सुपात डाळ निवडायची बाकी होती, ती बाजूला काढून मथुराने त्यात पांढरे वाल ओतले. बाईंनी मूठभर वालांना कुंकवाचं पाणी लावलं, मोजले तर वीस भरले, आणि सुपात नीट कालवले. "आता डोळे मिटून एक ओंजळ घ्या." मथुराने घेतली. ओंजळीत पन्नास वाल आले, त्यांत लाल पाच.

"पन्नासांत पाच लाल. म्हणजे दहांत एक. सगळ्या सुपातही लाल दहांत एकच असणार, नाही का? आणि लाल आहेत वीस. मग सूपभर किती?"

"दोनशे," मथुरा म्हणाली. चौथीपर्यंत शिकली होती ती, आणि वाटे लावणाऱ्या बाईला एवढं जमतंच.

"झालं. लाल जितक्या कमी सापडतील, तितक्या बाकीच्या जास्त. तिथे सहा हजारांत चारच सापडल्या. म्हणजे उरलेल्यांची गर्दी केवढी असेल बघा." मग बाईंनी वहीत एक वाकडी रेघ काढली. तिसऱ्या अगदी थोड्या उरल्या तर पिल्लं थोडी. फार दाटल्या तर खायला पुरत नाही, वाढ खुंटते. मधल्या मापाला असल्या तर वर्षाची भर सगळ्यात जास्त. ती भर तेवढी काढावी, मूळ तसंच ठेवावं.

"भाताच्या तरव्यासारकं," मथुरा म्हणाली. "दाट पेरला का रोपं काडीसारकी ऱ्हातात."

"तसंच. आणि इथे तीस लाखांचा तरवा आहे. थोडा उपटला तर बिघडत नाही." बाई कागद आवरू लागल्या. "गंमत म्हणजे चारही लाल गंगुबाईंच्याच पाटीत. हात चांगला दिसतो तुमचा."

गंगुबाईचा चेहरा पडला. "मी मुद्दाम नाय हो घेतल्या," ती म्हणाली. "माज्या डोळ्यांना हल्ली लाल नि काळं एकच दिसतं. मोतीबिंदूचं आपरेशन करायचं बोलतात."

बाई हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पाट्या भरायला घेतल्या. मथुराच्या हातात वालांचं सूप तसंच राहिलं.

खाडीत ज्याची खूण त्याची वस्तू. कोणाच्या जाळ्याच्या खुंटाला चुन्याचा पट्टा, कोणाच्या वल्ह्याला निळा रंग, कोणाच्या कालवांच्या धोंड्यावर कोरलेली फुली. उधाणात वाहून गेलेली वस्तू दुसऱ्याच्या दारी आली तरी खूण बघून परत जाते. खूण असलेल्याला हात लावायचा नाही, हे वाडीतल्या पोराला पोहण्याच्या आधी शिकवतात. त्या महिन्यात मथुराच्या हाताला लाल ठिपक्याची तिसरी किती वेळा लागली होती, आणि दर वेळी तिने ती 'बाईंची' म्हणून पुन्हा वाळूत दाबून ठेवली होती. मोजणीच्या दोन दिवसांतसुद्धा पाच-सहा. सगळ्यांनी तेच केलं होतं. बाईंनी सांगितलं होतं, नेहमीसारखं काढा.

मथुराने सुपातल्या वालांतून आणखी एक ओंजळ घेतली, त्यातले लाल वेचून सुपात टाकले आणि हातातल्या नुसत्या पांढऱ्यांकडे बघत राहिली.

बाई गेल्यावर विहिरीवर तिने गंगुबाईला गाठलं.

"काकी, बाईंचा हिशोब चुकला."

"माका कळलाय," गंगुबाई म्हणाली. तिने कळशी भरून घेतली. "तू गप ऱ्हा. तीस लाख बोलल्या ना त्या, बरं झालं. कोन आपल्याला अडवायचा नाय. खरं सांगितलंस तर काय होईल? दाताळं तर नाय येनार, पन आपल्याला बी बोलतील, बंद करा. मंग घरात काय शिजवशील, टाच?"

"नि दाताळं आलं तर?"

"तवाचं तवा."

"काकी, दाताळं दोन वर्सं फिरलं तर तवाचं काय ऱ्हानारच नाय."

"हिशोब सोमवारी कचेरीत जातो बोलत होत्या. तो जाऊ दे. तू त्यात पडू नकोस." गंगुबाईने कळशी डोक्यावर चढवली. "पडलीस तर वाडीत तुज्याशी बोलायला कोन ऱ्हानार नाय, एवडं सांगून ठेवते."

ते नुसतं बोलणं नव्हतं, हे मथुराला ठाऊक होतं. दहा महिने नवरा नसलेल्या घराला शेजारणी म्हणजे काय असतात ते तिनं दोन बाळंतपणांत पाहिलं होतं.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या एस.टी.ने गेली. बाजारात फळीवर वाटे लावले, शेजारच्या धाकूला लक्ष ठेवायला सांगितलं आणि पत्ता विचारत बाईंच्या घरी गेली. बाई कॉलेजला निघायच्या बेतात होत्या. टेबलावर कागद पाकिटात घालून ठेवलेले.

मथुरा उंबऱ्याशीच उभी राहिली. "बाय, त्या लाल तिसऱ्या आमी घेतल्याच नाय. तुमच्या हायत म्हनून."

बाईंना पहिल्यांदा समजलंच नाही. मथुराने सगळं सांगितलं, खुंटांचं, वल्ह्यांचं, गंगुबाईच्या डोळ्यांचं. बाई खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मी परमुलखातली असते तर ठीक," त्या हळू म्हणाल्या. "पण मी याच जिल्ह्यातली. माझ्या माहेरी नारळावर कोयत्याने खूण असते. मला सुचायला हवं होतं."

"आमीबी सांगायला होवं होतं."

"तुम्हाला कोणी विचारलंच नाही." त्यांनी पाकिटातून कागद काढला, फाडला मात्र नाही, पाठीमागे तारीख घालून 'चूक, पुन्हा मोजणे' असं लिहिलं आणि वहीत ठेवला. "मथुराबाई, खरा आकडा लहान येणार. तुमच्या काढण्यावरही मग बंधन येईल. हे कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय म्हनून तर तीन दिवस लागले."

पुढच्या उधाणात पुन्हा मोजणी झाली. या वेळी बाईंनी प्रत्येकीला हात जोडून सांगितलं की त्या तिसऱ्या माझ्या नाहीत, खाडीच्या आहेत, हाताला येईल ती पाटीत टाका. सहा हजारांत तीस लाल निघाल्या. बाईंनी मथुराच्या धाकटीच्या शाळेच्या पाटीवर खडूने आकडा लिहिला: चार लाख. वर्षाची भर एक लाखाच्या थोडी वर. आणि आठ बायका काढत होत्या पावणेदोन लाख.

हे ऐकल्यावर सखाराम उठून गेला. पुढे कचेरीतून दाताळ्याला नकार आला तेव्हा त्याने दोन होळ्या मथुराच्या दारावरून जाताना मान वळवली, पण तो मूळचा वाईट नव्हता. तिसऱ्या होळीला बोलायला लागला.

बायकांचं मात्र अवघड होतं. बाईंनी सांगितलेली गोष्ट साधी होती, दोन वर्षं प्रत्येकीने अर्धीच पाटी काढायची. कचेरीचा माणूस काही रोज दांडीवर येऊन उभा राहणार नव्हता. ऐकायचं की नाही ते यांच्यावरच होतं.

"तू सांगितलंस ना, मंग तूच काड अर्दी," आठ जणींतली सोनूबाई म्हणाली.

"काडते," मथुरा म्हणाली.

तिने पाटीच्या आत, मध्यावर, सुतळीचा एक वेढा शिवून घेतला. पहिल्या उधाणाला दांडीवर तिच्याशी कोणी बोललं नाही. तिची पाटी सुतळीपर्यंत आली तेव्हा पाणी अजून उतरतच होतं. तिसऱ्या धुवून, पाटी बाजूला ठेवून, ती वाळूवर बसून राहिली. घरी जाता येत नव्हतं, होडी सगळ्यांची एकच. ऊन डोक्यावर, समोर सात बायका वाकलेल्या. एवढा वेळ नुसतं बसायची तिला सवय नव्हती. ती हाताने वाळूत रेघा ओढत राहिली. पुढच्या उधाणालाही तेच. तिसऱ्या वेळी सोनूबाई, कंबरेवर हात देऊन, तिच्या शेजारी येऊन बसली. तिच्याही पाटीला सुतळी होती. "बसल्यावर बरं वाटतं गो," एवढंच म्हणाली. शिमग्यापर्यंत सहा सुतळ्या झाल्या. गंगुबाईने सुतळी लावली नाही. तिला दिसत नव्हती म्हणे.

अठ्ठ्याऐंशीच्या सुरुवातीला बाई पुन्हा बाटल्या घेऊन आल्या. गंगुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगाच्या चष्म्यातून ती प्रत्येक लाल ठिपका तपासत होती आणि इतरींच्या चुका काढत होती. महिन्याने मोजणी झाली. बाईंनी दोनदा हिशेब केला.

"चार लाख साठ हजार."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दोन वर्षं अर्ध्या पाटीवर काढल्यावर त्यांना यापेक्षा मोठा आकडा हवा होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बाईंनाही ते दिसलं. त्या समजावू लागल्या की घटत होत्या त्या वाढायला लागल्या, हेच मोठं आहे, रेघ आता वर निघाली आहे.

"रेग ऱ्हाऊ दे," गंगुबाई म्हणाली. "मंग आता पुरी पाटी काडायची काय नाय, ता सांगा."

बाईंनी कागदाकडे नजर टाकली. त्यांच्या आधी मथुराच बोलली.

"नाय काकी. अजून अर्दीच."

"किती वर्सं?"

"रेग सांगंल तवर."

गंगुबाईने चष्मा नाकावर वर सारला आणि मथुराकडे नीट बघून घेतलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. "तू लय काळी झालीयस गो," ती म्हणाली. "दांडीवर उनात बसून बसून." मग उठून घरात गेली, आणि परत आली ती सुतळीचं भेंडोळं आणि दाभण घेऊन. "कुटवर शिवायची, ता दाकव. नि थोडी वर शिव. माजं वय झालंय."

मथुराने पाटी मांडीवर घेतली आणि बाकीच्यांच्या पाट्यांना होती तेवढ्याच उंचीवर दाभण घातलं. गंगुबाई बाजूला बसून बघत होती. तिला आता स्पष्ट दिसत होतं, तरी तिने सुतळीचं टोक ताणून धरलं.